लिस्टेरियाच्या तुरळक केसेस एकाच साथीतल्या आहेत हे ओळखतात कसं?

पूर्वा_मायक्रो: मंडळी, सेमिनारला लिस्टेरिया, म्हणजे खाण्यातून पसरणारा जंतू, घेतलाय आणि एका ठिकाणी गाडी अडकलीये. आजार इतका दुर्मिळ की एखाद्या शहरात वर्षभरात एक केस सापडली तर सापडली, त्यात खाल्ल्यापासून आजारी पडेपर्यंत कधीकधी ७० दिवस जातात, मग चार गावांतले चार पेशंट एकाच पदार्थाने आजारी पडलेत हे कळतं तरी कसं? नुसते आकडे मोजून काहीच दिसत नाही.

बरणीतला_जंतू: नाहीच दिसणार, जंतूच बघावा लागतो. पूर्वी पीएफजीई करायचे, डीएनए कापून जेलवर पट्टे पाडायचे आणि ते जुळतात का बघायचं, अमेरिकेत १९९६ ला पल्सनेट, म्हणजे असे पट्टे ताडून बघणारं लॅबचं जाळं, त्याच्यावरच उभं राहिलं. आता होल जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए वाचायचा. लिस्टेरियाचे १७४८ जीन्स ताडून बघतात, फरक ७ जीन्सपर्यंत असला तर नातं जवळचं धरतात. पण कल्चर करून, म्हणजे लॅबमध्ये वाढवून, जंतू जपला असेल तरच हं, पीसीआर (जंतूच्या डीएनएचा तुकडा शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आला म्हणून सॅम्पल फेकून दिलं तर डोंबलाचा सिक्वेन्स करणार!

साथकरी: आणि जीनोम फक्त "हे एकाच कुळातले" एवढंच सांगतो, कशातून आलं ते पेशंटलाच विचारावं लागतं. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्लं ते कोणाला आठवतंय, मला परवाचं आठवत नाही. म्हणून क्लस्टर, म्हणजे जुळणाऱ्या केसेसचा गट, दिसायची वाट बघायची नाही, केस कळली की लगेच ठरलेली प्रश्नावली भरून घ्यायची. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, बऱ्याचदा वेगळ्या स्ट्रेनचे (जंतूच्या वेगळ्या कुळाचे) लिस्टेरिया पेशंटच घेतात, कारण तेही वयस्कर, गरोदर नाहीतर प्रतिकारशक्ती कमी असलेलेच असतात आणि त्यांच्या प्रश्नावल्या आयत्या तयार असतात.

पूर्वा_मायक्रो: अरे हे भारीये, कंट्रोलचं डोक्यातच आलं नव्हतं. एखादं खरं उदाहरण?

साथकरी: दक्षिण आफ्रिका, २०१७-१८. हजाराच्या वर केसेस, बहुतेक एसटी६ या एकाच प्रकारच्या लिस्टेरियाच्या, आणि कितीतरी महिने उगम सापडेना. मग जानेवारीत एका पाळणाघरातल्या मुलांना ताप-जुलाब झाले, तिथल्या फ्रीजमधली पोलोनी, म्हणजे तयार मांसाचा प्रकार, तपासली आणि तिथून माग काढत कारखान्यापर्यंत पोचले. मुलांचे जुलाब म्हणून कोणी सोडून दिलं असतं तर बसले असते शोधत.

बरणीतला_जंतू: पूर्वा, अजून एक, आई आणि नवजात बाळ दोघांना झालं तर केस एक धरायची की दोन ते स्लाइडवर आधीच लिही, नाहीतर वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेले दोन देशांचे आकडे शेजारी ठेवशील आणि कोणीतरी नक्की पकडेल.