रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत वीटकरी छातीचा चिखल्या पक्षी, कुठला असेल?

कळंबाकाठ (कोल्हापूर):
गेल्या रविवारी पहाटे साडेतीनला गाडी काढली, आंबा घाट उतरून सातला भाट्यात. ओहोटी नुकती लागलेली, पुलाजवळ चिखल उघडा पडत होता. जानेवारीत इथंच राखाडी चिखल्यांचा थवा बघितलेला. आता त्याच थव्यात पाच-सहा जणांची छाती वीटकरी! एक तर वीसेक पावलांवर आला. तुरुतुरु पळायचा, थबकायचा, मान कलती करून चिखलाकडं बघायचा आणि टचकन चोच मारायचा. एकदा लांब किडा धरला, तर तो तुटू नये म्हणून हळूहळू ताणत मागं मागं सरकला. हात भरून आले तरी दुर्बीण खाली घ्यावी वाटेना. डोळ्यावर काळी पट्टी, कपाळही काळं. ही वेगळी जात, का तोच पक्षी?

आणखी एक. आपल्या कळंबा तळ्यावर चतुर (ड्रॅगनफ्लाय) किती असतात! इथं तिवरांत तासभर फिरलो, एक नाही. सुरूबनामागच्या गोड्या डबक्यावर मात्र गुलाबी-लाल आठ-दहा. असं का?

खाडीवाला (रत्नागिरी):
दादा, तोच पक्षी. हिवाळ्यात राखाडी असतो, मार्च-एप्रिलात परत जायच्या आधी विणीचा रंग चढतो. नरांवर जास्त गडद. कपाळ काळं म्हणजे तिबेटी सँड प्लोव्हर, पूर्वी लेसर सँड प्लोव्हरमध्येच धरायचे. लडाख-तिबेटकडं अंडी घालतो. चोच मात्र आठवून बघा, लांब आणि जाड असेल तर ग्रेटर सँड प्लोव्हर. आणि येत्या रविवारी त्याच वेळी येऊ नका. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढं सरकते, आठवड्यानं सकाळी सातला पाणी चढत असेल, चिखल झाकत जाईल.

टाचणी (गडहिंग्लज):
चतुरांच्या अळ्या पाण्यात वाढतात आणि बहुतेक जातींना खारं पाणी सोसत नाही, म्हणून गोडं डबकं सापडलं की तिथंच गर्दी. तुमचा गुलाबी-लाल म्हणजे बहुधा क्रिमसन मार्श ग्लायडरचा नर. आपल्या तळ्यांवर नारिंगी पंखांचा डिच ज्वेल दिसतो ना, तो घाण पाण्यातही तग धरतो. तो पुष्कळ दिसला म्हणजे तळं चांगलं, असं धरू नका. कळंब्याचं पाणी पिणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यायला हवं.

कळंबाकाठ:
चोच आखूडच होती, नक्की. म्हणजे तो लडाखला निघालाय! आता पंधरा दिवसांनीच येतो, सातला ओहोटी असेल तेव्हा. तोवर थवा थांबला तर बरं.