मदत हवी आहे: ऑनलाइन शिकवण्यासाठी वर्षभर चालणारे प्रशिक्षण कोठे मिळेल?

मृद्गंध: आमच्या महाविद्यालयात पुढील सत्रापासून काही तासिका ऑनलाइन घ्यायच्या आहेत. नुकताच मी त्यासाठी एक आठवड्याचा वर्ग पूर्ण केला. तेथे एकामागून एक व्याख्याने झाली, शेवटी बहुपर्यायी चाचणी झाली आणि प्रमाणपत्र मिळाले. परंतु माझी एकही तासिका कोणी पाहिली नाही आणि काय सुधारावे हेही कोणी सांगितले नाही. शिकवणे चालू असताना सोबत राहील असे काही असल्यास कृपया लवकर सुचवा, सत्र तोंडावर आले आहे.

कातळशिल्प: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनस्तर १० वरून ११ वर पदोन्नती मिळण्यासाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग लागतो आणि त्याखेरीज किमान पाच दिवसांचा प्राध्यापक विकास कार्यक्रम किंवा ई-प्रमाणपत्रासह एखादा मूक्स (सर्वांसाठी खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम चालतो. असे वर्ग घेणारी मनुष्यबळ विकास केंद्रे आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे या नावाने ओळखली जातात, तेव्हा तेथे अर्ज करावा.

मृद्गंध: माहितीबद्दल आभार, परंतु माझा प्रश्न पदोन्नतीचा नाही.

शुक्रतारा: विषय कोणता, तासिका थेट आहेत की ध्वनिचित्रमुद्रित, आणि विद्यार्थी कशावर पाहतात, हे आपण लिहिलेले नाही. त्यावाचून काय सुचवणार?

निरंजन: सर्वप्रथम एक बरा कॉलर माइक घ्या. आवाज खरखरत असेल तर उत्तम अध्यापनही वाया जाते.

मृद्गंध: बी.ए. द्वितीय वर्ष, अर्थशास्त्र, थेट तासिका. जवळजवळ सर्व जण मोबाइलवर असतात आणि कॅमेरा बंद ठेवतात. मागणी-पुरवठ्याची आकृती स्लाइडवर दाखवली की कोणता वक्र कोठे सरकला हे लहान पडद्यावर कळत नाही. कळले का असे विचारले, तर दोघे-तिघे ‘हो सर’ लिहितात आणि बाकीचे गप्प राहतात.

शुक्रतारा: मग तयार आकृती दाखवूच नका. कोऱ्या पानावर आधी अक्ष, मग एकच वक्र काढा आणि थांबा. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या विद्यार्थिकेंद्री मूक्स प्रतिमानात व्हिडिओच्या मध्येच ‘रिफ्लेक्शन स्पॉट’ ठेवतात, म्हणजे विद्यार्थ्याने तेथे थांबून प्रश्नावर विचार करायचा आणि मगच पुढे जायचे. थेट तासिकेतही हे करता येते. उदाहरणार्थ, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, तेव्हा लासलगावच्या बाजारात कोणता वक्र सरकला आणि कोणत्या बाजूला, हे प्रत्येकाने चॅटमध्ये लिहायचे. काही जण पुरवठा वाढला म्हणतील, काही जण निर्यातदारांची मागणी गेली म्हणतील. त्या मतभेदातून जे शिकवता येते, ते ‘कळले का’ या प्रश्नातून कधीच हाती लागत नाही.

कातळशिल्प: थेट तासिकांचा आग्रहच चुकीचा वाटतो. नेट तुटले की विद्यार्थ्याचा धागा तुटतो. ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण व्यासपीठाच्या चार चतुर्थांशांप्रमाणे व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन तयार करून ठेवले, तर ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो शिकेल. असे साहित्य पदोन्नतीसाठीही धरले जाते.

शुक्रतारा: साहित्य उपयोगी आहे हे मान्य, पण एका विषयाचे चारही भाग नीट बांधायला जो वेळ लागतो तो सत्र तोंडावर आलेल्या शिक्षकाजवळ नसतो, आणि विद्यार्थी कोठे अडला हे मुद्रित व्हिडिओ त्या क्षणी सांगत नाही.

पाणवठा: मूळ प्रश्नाकडे येऊ या. सरांना हवे आहे तसे प्रशिक्षण बाहेरच्या वर्गांत क्वचितच मिळते, कारण त्यासाठी कोणीतरी तुमची तासिका पाहावी लागते. आमच्या विभागात आम्ही तिघे दर पंधरवड्याला एकमेकांच्या तासिकांच्या ध्वनिचित्रमुद्रणातील पंधरा मिनिटे पाहतो. मुद्रणाची कल्पना विद्यार्थ्यांना आधी देतो आणि पाहणाऱ्याने एवढेच नोंदवायचे ठरवले आहे, की या वेळात विद्यार्थ्यांनी स्वतः काय केले. उच्चार, स्लाइडची रंगसंगती, माइक या विषयांवर त्या बैठकीत बोलायचे नाही. नोंदीत ‘नऊ मिनिटे फक्त शिक्षक बोलले’ असे दिसले की पुढील तासिकेत काय बदलायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. बाहेरचे वर्ग जरूर करावेत, मात्र तेथे शिकलेले याच बैठकीत तपासून पाहावे.

मृद्गंध: हे मला पटते. अडचण अशी, की आमच्याकडे अर्थशास्त्राला मी एकटाच आहे. भूगोलाच्या मॅडम तयार होतील, पण त्यांना विषय ठाऊक नसताना त्या काय सांगणार?

पाणवठा: त्यांनाच घ्या. आकृतीत तुम्ही एखादी पायरी गाळली असेल तर अर्थशास्त्राचा शिक्षक ती मनात आपोआप भरून काढील, मॅडम मात्र विद्यार्थ्यांसारख्याच तेथे अडतील आणि कोठे अडल्या ते सांगतील. फक्त वेळापत्रकात या बैठकीसाठी तास राखून देण्याची विनंती प्राचार्यांकडे आताच लेखी करा. सत्र सुरू झाल्यावर तो तास मिळत नाही.