भाचीच्या बाजूने बोलणारा वकील कुठे मिळेल? बालकल्याण समितीची तारीख 11 दिवसांवर आहे

माझी मोठी बहीण तीन वर्षांपूर्वी गेली. तिची मुलगी, आता नऊ वर्षांची, वडिलांकडेच राहायची. मारहाण होते असं कानावर यायचं, पण विचारायला गेलं की दाजी दारातूनच परत पाठवायचे. मागच्या महिन्यात ते तिला घरात कोंडून दोन दिवस बाहेर गेले होते. तिसऱ्या दिवशी ती शाळेत आली, पण बाकाला टेकून बसेना. बाईंनी बाजूला नेऊन पाहिलं तर पाठीवर पट्ट्याचे वळ. बाईंनी 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्या माउलीचे उपकार कसे फेडू?

मुलगी आता बालगृहात आहे. पोलिसांनी बालन्याय कायद्याच्या कलम 75 खाली, म्हणजे मुलाशी क्रूरतेने वागल्याचा, गुन्हा नोंदवलाय. अशा मुलांनी कुठे राहायचं ते बालकल्याण समिती ठरवते. तिच्यापुढे दाजी वकील घेऊन आले, 'बापाचा हक्क आहे, मुलगी परत द्या' म्हणून. मी ताबा मागितलाय, पण आमची एकच खोली आहे आणि मिस्टर रिक्षा चालवतात.

मला खातंय ते वेगळंच. त्या दिवशी समितीने तिला एकदाच विचारलं, 'बाबांकडे जायचंय का?' बाबा तिथेच, हाताच्या अंतरावर. ती चपलेचा पट्टा काढत-घालत राहिली, मग मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. कागदावर काय लिहून घेतलं तेही माहीत नाही.

गुन्ह्याच्या केसमध्ये सरकारी वकील असतील, पण ते सरकारचे. दाजींचा वकील दाजींचा. मी केला तर तो माझा. मग तिचा कोण? परवा भेटायला गेले तर म्हणाली, 'मावशी, मी काय बोलायचं ते तू सांग ना.' मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्या तोंडून मीच बोलले असते.

तिला स्वतःचा वकील मिळतो का? कोणाकडे जायचं, खर्च किती? कृपया लवकर सांगा.

रानजाई:
ताई, नाव-गाव लिहिलं नाहीत ते चांगलं केलंत. पुढेही लिहू नका, बालन्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलीची ओळख उघड करायला मनाई आहे.

मी विधी सेवेच्या, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीच्या, पॅनेलवर वकील होते. वकील मिळतो, फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987, कलम 12: ज्याच्यासाठी वकील हवा ते लहान मूल असलं की पुरे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या. त्यात 'मला वकील हवा' असं लिहू नका, 'मुलीसाठी स्वतंत्र वकील हवा' असं लिहा. पुढची तारीख ठळक लिहा. 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवरही फोन करून ठेवा.

दुसरा अर्ज समितीला. मुलांना कायदेशीर मदत मिळवून देणं हे बालन्याय कायद्याच्या कलम 30 प्रमाणे समितीचंच काम आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये मुलाचं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क आहे. त्याच अर्जात मागणी करा की मुलीशी वडिलांच्या आणि तुमच्याही गैरहजेरीत बोलावं. दोन्ही अर्जांवर शिक्क्यासह पोच घ्या.

लैंगिक अत्याचाराची केस असती तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 40 मध्ये मुलाच्या वकिलाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. मारहाण आणि हेळसांडीच्या केसमध्ये 1987 चाच कायदा पुढे करा.

एक मात्र मनाची तयारी ठेवा. तो वकील तिचा असेल. ती 'मला बाबांची आठवण येते' म्हणाली तर त्याने तेही समितीपुढे सांगायला हवं.

जुना परिविक्षा अधिकारी:
खोली एक आहे म्हणून खचू नका. गृहचौकशीला माणूस येईल. तेव्हा घर सजवू नका, मुलगी कुठे झोपेल, शाळेत कोण सोडेल, तुम्ही कामावर असताना तिच्याजवळ कोण, हे नीट सांगा. आम्ही तेच बघायचो. नातेवाईक असताना मूल संस्थेत ठेवणं हा कायद्याने शेवटचा उपाय आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी तथा परिविक्षा अधिकारी (मुलांच्या केसमधलं कायद्याचं आणि चौकशीचं काम बघणारा) असतो, त्यालाही भेटा. चौकशी चार महिन्यांत पुरी करायची असते, तेव्हा एका तारखेवर सगळं संपेल असं धरू नका.

धागाकर्ती:
रानजाई, ते आठवणीचं वाचून रडू आलं. येते तिला बाबांची आठवण, मला माहीत आहे. म्हणू दे तिने. मी ऐकून घेईन.

उद्या सकाळीच दोन्ही अर्ज देते. आणखी एक सांगा, हे वकील तारखेच्या आधी बालगृहात जाऊन तिला भेटतात का, की त्या दिवशी दारातच भेटतात? अनोळखी माणसाशी ती पहिल्या भेटीत बोलत नाही. दुसऱ्या भेटीत बोलते, चित्रं काढायला कागद दिला तर.