तांब्याची भुकटी, चूर्ण की कण?

प्रश्न : विजेच्या साहाय्याने तांब्याचे बारीक कण कसे काढतात, यावर लेख लिहितो आहे. या क्रियेला कुठे ‘विद्युत् विच्छेदन’ म्हटलेलं दिसतं, तर शालेय पुस्तकांत ‘विद्युत अपघटन’. कोणता शब्द घ्यावा? हाती येणाऱ्या पदार्थाला काय म्हणावं? ‘विद्युत विलेपन’ चालेल का?

उत्तर : विलेपन अजिबात नको. लेप वस्तूला घट्ट बसावा म्हणून देतात. इथे धातू सुटा निघायला हवा. त्यासाठी मोरचूदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात तांबं मुद्दाम कमी ठेवतात, गंधकाम्ल भरपूर घालतात आणि विजेचा प्रवाह जोरात सोडतात. ऋणाग्राजवळचे (विजेच्या ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीजवळचे) तांब्याचे आयन, म्हणजे द्रावणातले विद्युतभारित कण, भराभर संपतात, नवे तितक्या वेगाने पोचत नाहीत. मग जे टोक जरा पुढे आलेलं असतं त्यालाच आयन आधी मिळतात, ते आणखी वाढतं, त्याला फाटे फुटतात. ऋणाग्रावर झाडाच्या फांद्यांसारखी तांब्याची भुसभुशीत वाढ होते. ती खरवडायची, आम्ल जाईपर्यंत धुवायची आणि लगेच वाळवायची. ओली राहिली तर हवेने काळवंडते.

म्हणून माझं मत : ढीग असेल तर ‘भुकटी’, आकाराबद्दल बोलायचं तर ‘कण’. ‘भुकटीतले कण शाखाकृती आहेत’ हे वाक्य कसं सरळ वाटतं. हे फाटे एकमेकांत अडकतात, त्यामुळे साच्यात दाबलेली वस्तू भाजण्याआधीही आकार धरून राहते. ‘चूर्ण धातुविज्ञान’ (धातूची भुकटी दाबून, भाजून वस्तू घडवण्याचं शास्त्र) हा जोडशब्द रुळलेला आहे, तो तसाच राहू द्या. ‘अवक्षेप’ मात्र टाळा, तो द्रावणात खाली बसणाऱ्या साक्यासाठी आहे.

प्रश्न : धनाग्रही (धन टोकाची पट्टीही) तांब्याचंच असेल तर अपघटन, म्हणजे पदार्थ तुटून सुटा होणं, कशाचं? तिथलं तांबं विरघळतं आणि ऋणाग्रावर येऊन बसतं.

उत्तर : शंका रास्त आहे. अशा वेळी मोरचूद जवळपास तेवढंच राहतं. तरी दोन्ही अग्रांवरच्या क्रिया विजेनेच घडतात, म्हणून नाव तेच लागू होतं. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८३४ साली रूढ केलेल्या ‘इलेक्ट्रॉलिसिस’ या मूळ शब्दातही ‘सुटं करणे’ याच अर्थाचं ग्रीक क्रियापद आहे. ‘अपघटन’ घ्या, आजचा विद्यार्थी तोच शिकतो.

आणखी एक : लोखंडाबाबत जपून लिहा. तिथे बहुतेक वेळा ठिसूळ थर जमवून तो दळतात, त्यामुळे ‘अपघटनाने थेट भुकटी मिळते’ असं सरसकट लिहू नका.