अनुभव धागा: कंपनी वाढतेय, टेबल गावात

कंपनी वीस माणसांवरून दीडशेवर चाललीये, पगार पुण्या-बंगळुरूतून येतो आणि घरून काम करायचं टेबल मांडलंय दारव्हा, आर्वी, वणी, मेहकर असल्या ठिकाणी. 'मजा येते' किंवा 'लय ताण आहे बाप्पा' एवढ्यावर थांबू नका. काय बिघडतं, काहून बिघडतं आणि कशानं चालतं, ते आकड्यांसकट लिहा.

दारव्हा, सपोर्ट

वीज आधी. घर गावठाण फीडरवर (गावातल्या घरांना वीज देणाऱ्या वाहिनीवर) आहे की शेतीपंपाच्या, ते पाहा. पंपाच्या फीडरवर थ्री फेज साधारण आठ तास, तेही पाळीनं, कधी दिवसा कधी रात्री. त्या भरवशावर शिफ्ट घेऊ नका. गावठाणात 150 एएचची (अँपिअर-तासांची) एक ट्युब्युलर बॅटरी पुरते. 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे 1800 वॅट-तास. इन्व्हर्टरची घट धरून आणि बॅटरी तळाला न नेता हाती 1200. लॅपटॉप 60, राउटर 12, पंखा 70 वॅट: आठ तास निघतात. पंखा 30 वॅटचा बीएलडीसी असला तर अकरा-साडेअकरा.

खरी गोम पुढे आहे. रब्बीच्या ओलिताला पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर साधारण 180 व्होल्टच्या खाली तो लाईन घेतच नाही, बॅटरीवर जातो. शेजाऱ्याकडे लाईट आहे, आपल्याकडेही आहे, म्हणून कोणी पाहत नाही. बॅटरी दिवसभर उतरत राहते आणि ऐन मीटिंगमध्ये सगळं बंद. मागचा स्विच साध्या मोडवर टाका, तो बरंच कमी व्होल्टेजही चालवून घेतो. मात्र त्या मोडमध्ये लाईन जाता-येता अंमळ खंड पडतो. लॅपटॉपला फरक पडत नाही, राउटर रिस्टार्ट होऊ शकतो आणि मग दोन-तीन मिनिटं गेलीच. राउटरला वेगळा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस द्या. अॅडाप्टरवर लिहिलेले अँपिअर पाहूनच घ्या.

आर्वी, नेटवर्कवाला

ओएनटीवर, म्हणजे फायबरच्या तारेला लावलेल्या घरातल्या डब्यावर, लाल दिवा म्हणजे सिग्नलच येत नाही: रस्त्याच्या कामात जेसीबीनं तार तोडली, नाहीतर वांदरांनी. तिथं आपल्या हाती काही नाही. दिवा हिरवा असून कॉल तुटत असतील तर ओएनटीच्या सेटिंगमध्ये रिसीव्ह पॉवर, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलची ताकद, पाहा. उणे 15 ते उणे 25 डीबीएम ठीक; उणे 27 च्या खाली गेलं की लाईन धरसोड करते. लाइनमनला 'नेट स्लो आहे भाऊ' म्हणू नका, आकडा सांगा. कारण बहुतेकदा क्षुल्लक असतं: खांबावरच्या डब्यात धूळ बसलेला जोड, नाहीतर पलंगाच्या पायाखाली मुडपलेली वायर.

दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा, पण दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर असतील तर उपयोग शून्य. वीज लांबली की टॉवरची बॅटरी संपते आणि दोन्ही सोबतच जातात. दिवसाच्या दीड जीबीत कॅमेरा लावून कॉल जेमतेम दीड तास चालतो. त्या सिमवर आवाजच ठेवा.

वणी, बॅकएंड

वीस माणसांच्या कंपनीत ऑनकॉल (सिस्टीम बिघडली की उठायची जबाबदारी) म्हणजे 'ज्याला माहीत आहे त्याला उठवा'. शंभरावर गेल्यावर पाळी लागते. पाळीत चारांपेक्षा कमी माणसं नकोत, नाहीतर महिन्यात दोन-दोन आठवडे झोपमोड. अलर्ट फक्त अॅपवर घेऊ नका, साधा फोन कॉलही लावून घ्या. डेटा मेला तरी कॉल लागण्याची आशा असते. तो नंबर डू नॉट डिस्टर्बमधून वगळा. आणि आधी रोलबॅक, म्हणजे जुनं चालतं व्हर्जन परत लावा, कारण नंतर शोधा. रात्री दोनला हुशारी दाखवायला जाणारा पहाटे पाचपर्यंत बसतो.

वाढत्या कंपनीत हमखास पडणारा खड्डा: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये इंडेक्स, म्हणजे ओळी लवकर सापडाव्या म्हणून बनवलेली सूची. टेबलात पन्नास हजार ओळी होत्या तेव्हा पापणी लवायच्या आत बनायचा. पाच कोटी झाल्यावर तोच साधा 'क्रिएट इंडेक्स' पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात नवीन काही लिहू देत नाही. ऑर्डर अडकतात, कनेक्शन तुंबतात, आणि साइट पडली असं वाटतं. त्या कमांडला 'कन्करंटली' जोडा, म्हणजे लिहिणं थांबत नाही. ते ट्रान्झॅक्शनच्या (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही, अशा गठ्ठ्याच्या) आत चालत नाही, त्यामुळे मायग्रेशनचं, म्हणजे डेटाबेसची रचना बदलायचं, टूल गुपचूप ट्रान्झॅक्शन उघडतं का, ते तपासा. मध्येच फसलं तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागं उरतो. ड्रॉप करून पुन्हा बनवा. म्हणूनच आपल्या घरच्या नेटवरून असलं काम थेट चालवू नका. सर्व्हरवर टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारं टूल) उघडून त्यात चालवा. इकडे नेट गेलं तरी तिकडे काम चालू राहतं.

मेहकर, क्यूए (टेस्टिंग)

ऑफिसात चहाच्या टपरीवर निर्णय होतात, गावात बसलेल्याला ते रिलीज झाल्यावर कळतात. कोणी फोनवर 'हे बदललं' म्हणालं की तिकिटात (कामाच्या ऑनलाइन नोंदीत) दोन ओळी आपणच लिहायच्या: काय ठरलं, कोणी ठरवलं.

पुसद, पगाराचा हिशेब

ऑफरमधला सीटीसी, कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे हातात येणारा पैसा नव्हे. कंपनीचा पीएफचा वाटा बहुधा त्यातच असतो, ग्रॅच्युइटीचे मूळ पगाराच्या 4.81 टक्केही त्यात धरतात, आणि कायम नोकरीत ती मिळायला साधारण पाच वर्षं लागतात. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीत घ्यायचे हक्क) बहुधा चार वर्षांत मिळतात, पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर काहीच नाही. पुढं सोडलं तर शेअर घ्यायला किती दिवस, हे सही करण्याआधी विचारा. कुठं 90 दिवसच असतात. घेताना आपली ठरलेली किंमत भरायची, शिवाय बाजारभाव नि आपली किंमत यातल्या फरकावर पगारासारखा कर. शेअर विकता येत नाही आणि कर मात्र रोख.

सिंदेवाही, नवीन

दादा, अमेरिकेच्या टीमसोबतची मीटिंग रात्री साडेनऊला आहे. वेळ कायम राहते का?

वणी, बॅकएंड

नाही. कॅलिफोर्नियाचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. तिकडचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं. कॅलेंडरमध्ये मीटिंग त्यांच्या टाइमझोननं टाकायला सांगा, म्हणजे ती आपोआप सरकेल. आपल्या वेळेनं टाकली तर नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी तुम्ही एकटेच कॉलवर.