विषय: प्रागला दोन दिवस, सोबत आई-बाबा

प्रेषक: अनुजा

नमस्कार मंडळी,
आई-बाबा पुण्याहून आलेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांना दोन दिवस प्रागला नेतेय. बाबा ७४ वर्षांचे, डावा गुडघा कुरकुरतो. आई चालते भरपूर, पण दर दोन तासांनी चहा लागतो. किल्ला, चार्ल्स ब्रिज, जुन्या चौकातलं ते खगोलीय घड्याळ... यातलं काय गाळू? आधी इथे चर्चा झाली असेल तर माफ करा, गणपतीच्या वर्गणीच्या मेलांखाली काही सापडेना.

प्रेषक: श्रीकांत

अनुजा,
किल्ला खालून चढायचा नाही, एवढं ऐक. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी हिला पायऱ्यांनी वर नेलं, त्याचा उल्लेख घरात अजून होतो. २२ नंबरची ट्राम पकड आणि किल्ल्याच्याही पुढे पोहोर्झेलेत्सला उतर. तिथून किल्ल्यापर्यंत हलका उतारच आहे.

किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथीड्रलचं काम १३४४ साली सुरू झालं आणि १९२९ साली संपलं. बाबांना हे जरूर सांग, पुण्यातल्या बिल्डरवरचा राग थोडा निवळेल. आत चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यासमोर जरा थांबा. जुन्या राजवाड्यात दुसरी एक खिडकी आहे. १६१८ साली तिथून दोन सरदार आणि त्यांच्या कारकुनाला खाली फेकलं. तिघेही वाचले, पण त्यावरून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं. गोल्डन लेनमधल्या २२ नंबरच्या घरात काफ्का लिहायला बसायचा. घर एवढुसं आणि गर्दी मरणाची, वेळ उरला तरच जा.

परतताना उतरायचं म्हणून चालत सुटू नका, दुखरा गुडघा खड्या उतारावरच जास्त बोलतो. किल्ल्याच्या स्टॉपवर तीच ट्राम पकडून मालोस्त्रान्स्के नामेस्तीला या. तिथून पूल जवळ आहे. पण पूल खरा बघायचा तो सकाळी सातच्या आत. १३५७ साली बांधायला घेतलेला, वर तीस पुतळे. त्यातल्या सेंट जॉन नेपोमुकच्या पुतळ्याखालची ब्राँझची पाटी लोकांनी हात लावून लावून देवळातल्या कासवासारखी गुळगुळीत केलीय.

घड्याळ मात्र खुशाल गाळ. तासाला मिनिटभर बाहुल्या फिरतात आणि तेवढ्यासाठी शेकडो माणसं माना वर करून खिसे कापून घ्यायला उभी.

आणि कागदी तिकीट असेल तर ते ट्राममधल्या पिवळ्या डबीत घालून छापून घ्यायचं. खिशात कोरं तिकीट ठेवून दंड भरलेला माणूस हे सांगतोय.

प्रेषक: मेधा

श्रीकांतकाका, ट्रामचं एकदम पटलं. पण घड्याळ गाळायचं? ते बाहुल्यांसाठी बघायचंच नाही.

अनुजा, तुझे बाबा रोज दाते पंचांग बघतात ना? मग त्यांना वरच्या तबकडीसमोर उभं कर. ही तबकडी १४१० सालची आहे. काट्यावरचा सोन्याचा सूर्य राशींच्या चक्रावर वर्षभर सरकत असतो. म्हणजे आज सूर्य कुठल्या राशीत, ते रस्त्यात उभं राहून वाचता येतं. चंद्र म्हणजे अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा, तो कलेप्रमाणे फिरतो. निळ्या भागावर सोनेरी वाकड्या रेघा आहेत, त्या सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा भाग करतात. दिवस मोठा तर भाग मोठा, दिवस लहान तर भाग लहान. आपला राहुकाळ नाही का तसाच काढतात, फक्त आठ भाग करून! सगळ्यात बाहेरचं काळं कडं जुनी बोहेमियन वेळ दाखवतं. तिच्यात दिवस सूर्यास्ताला संपतो, म्हणून चोवीसचा आकडा मावळतीच्या वेळेवर येईल असं ते कडं वर्षभर पुढेमागे सरकतं.

खालच्या तबकडीवर बारा महिन्यांची शेतीची कामं रंगवलीयत, ती आईंना दाखव. कारागिराचे डोळे काढले वगैरे गोष्ट गाइड सांगतील, ती दंतकथा आहे. बघायला तास भरून दहा मिनिटं झाल्यावर जा, गर्दी पांगलेली असते.

प्रेषक: अनुजा

मंडळी, काल रात्री परत आलो. काका, २२ नंबरच्या ट्रामसाठी बाबांच्या गुडघ्याकडून नमस्कार. कॅथीड्रल आवडलं. पूल सातच्या आत जमला नाही, आठ वाजले, चहा.

मेधाताई, तुम्ही मात्र आमची अख्खी एक दुपार घालवलीत! बाबांनी पाच मिनिटांत चूक काढली. "सूर्य मेषेत दाखवतोय. अजून मीन चालू आहे, मेष संक्रांत चौदाला." मी म्हटलं, बाबा, सहाशे वर्षांचं घड्याळ आहे. मग ते गप्प झाले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "अगं, हे सायन आहे, राशी वसंतसंपातापासून मोजलेल्या. आपलं निरयन, ताऱ्यांवरून मोजलेलं. चोवीस अंशांचा फरक पडणारच." त्यानंतर जो चेहरा खुलला! शेजारच्या एका स्पॅनिश जोडप्याला अयनांश, म्हणजे हाच फरक, समजावून झाला, मराठीत.

आई तोवर कंटाळून व्हेन्सेस्लास चौकात जाऊन आली. तिथे बाटाचं भलंमोठं जुनं दुकान आहे. बाटा मूळचा इथला, हे तिला पटतच नाही. तिच्या मते बाटा लक्ष्मी रोडचा.

आम्ही घड्याळासमोर असताना दोनदा तास भरला. दोन्ही वेळा बाबा चंद्राच्या गोळ्यावरून तिथी लावत होते, त्यामुळे शेवटी आरवतो तो सोनेरी कोंबडा आमच्यापैकी कोणीच बघितला नाही.