काटकसर आणि पर्यावरण यांचं जिथे आपसात पटत नाही तिथे तुम्ही काय करता?

पानगळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून धागा काढतेय. आमच्याकडे काटकसर पहिल्यापासून, म्हणजे लागेल तेवढंच आणायचं, आणलेलं शेवटपर्यंत वापरायचं, बिघडलं तर आधी दुरुस्त होतंय का ते बघायचं. पर्यावरणाचा विचार त्याच वाटेने घरात आला आणि बहुतेक वेळा दोन्हींचं म्हणणं एकच असतं, वीज कमी जळली की बिलही कमी आणि धूरही कमी, त्यात वाद नाही. प्रश्न येतो तो दोघांचं पटत नाही तिथे.

आत्ता समोर आहे तो फ्रिज. जुना आहे, वीज जास्त खात असणार, पण चालतोय व्यवस्थित. चालती वस्तू काढून टाकायला जीव होत नाही, नवीन घ्यायचा तर मोठा खर्च, शिवाय तो बनवायला जे लोखंड, प्लॅस्टिक, वीज गेली ते वेगळंच. पण रोज जास्तीची वीज खाणारी वस्तू केवळ चालतेय म्हणून ठेवणं हेही बरोबर वाटत नाही.

दुसरं म्हणजे इको म्हणून जे काही विकलं जातं ते सगळं महाग. घरातले प्लॅस्टिकचे डबे धडधाकट आहेत तरी ते काढून काचेचे आण असं जो तो सुचवतो. कचऱ्यासाठी कम्पोस्टेबल पिशव्या, बांबूचे ब्रश, कापडी पिशव्यांचे सेट… हे घेऊन नक्की कुणाचं भलं होतंय तेच कळत नाही.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त लागतं ते म्हणजे वेळ. कचरा वेगळा करणं, बाटल्या धुवून ठेवणं, उसवलेलं शिवणं, उरलेलं संपेल असं बघणं, या सगळ्याला माणूस लागतो आणि आमच्या घरात तो माणूस बहुतेक वेळा मीच असते. नोकरी सांभाळून हे करताना वाटतं की पैसे वाचतायत, निसर्गाचंही बरं होतंय, पण ते सगळं माझ्या विश्रांतीतून वजा होतंय. तुम्ही काय चालू ठेवलंत, काय सोडून दिलंत आणि घरच्यांना कसं सामील करून घेतलंत?

तारतंत्री

फ्रिजचं आधी सांगतो कारण तो माझा विषय आहे. वस्तूंचे ढोबळ दोन गट पाडा. काही वस्तू बनवतानाच जास्त नुकसान होतं आणि वापरताना फार कमी, उदा. मोबाइल, लॅपटॉप. मोबाइलच्या सगळ्या आयुष्यातल्या उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो तुमच्या हातात येण्याआधीच झालेला असतो, त्यामुळे तो जितका जास्त वापराल तितकं चांगलं, नवीन मॉडेल वीज कमी खातं हा मुद्दा तिथे लागूच होत नाही. फ्रिज, एसी, पाणी तापवायचा हीटर यांचं उलट आहे, त्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षं जळणारी वीज हाच मोठा हिस्सा. म्हणून खूप जुना आणि खूप खाणारा फ्रिज बदलणं हे उधळपट्टीत मोडत नाही. पण आधी मोजा! प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमीटर मिळतो, कुणाकडून मागून आणला तरी चालेल.

आणि बदलायच्या आधी आहे त्यालाच जरा ठीक करून बघा. मागची जाळी धुळीने भरली असेल तर साफ करा (प्लग काढून), भिंतीपासून थोडा पुढे ओढा, बर्फाचा थर साचत असेल तर वेळच्या वेळी वितळवा. आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझर उणे १८, याहून थंड करून काही मिळत नाही. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा, सहज सुटून आला तर तिथून गारवा बाहेर जातोय.

आता खरी गंमत उष्णतेची आहे, लोक दिवे बंद करायच्या मागे असतात आणि पाणी मात्र कढत करून वापरतात. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे २० लिटर पाणी २० अंशांनी तापवलं की जवळपास अर्धा युनिट गेला. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा ५० तास चालतो!! त्यामुळे हीटरचा थर्मोस्टॅट खाली आणणं, अंघोळीला पाच मिनिटं कमी लावणं, मशीनमध्ये कपडे गरम पाण्याऐवजी साध्या पाण्यात धुणं (गरम धुलाईत बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते), भांड्यावर झाकण ठेवून शिजवणं आणि जमेल तिथे प्रेशर कुकर, एवढ्यावर लक्ष ठेवलंत तरी पुष्कळ झालं. मोबाइलचा रिकामा चार्जर प्लगमध्ये राहिला तर त्याची काळजी सोडून द्या, आजकालचे चार्जर रिकामे असताना नगण्य वीज घेतात. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स किंवा जुना म्युझिक सिस्टिम मात्र बघा, १० वॅटची वस्तू चोवीस तास चालू राहिली तर महिन्याला ७ युनिट होतात.

ओलीमाती

पानगळताई, डबे अजिबात टाकू नका. प्लॅस्टिकचं नुकसान ते बनलं तेव्हाच झालंय, आता ते जितकी वर्षं वापराल तितकी त्या नुकसानाची भरपाई. गरम पदार्थ आणि मायक्रोवेव्ह यांच्यासाठी काच किंवा स्टील वापरा, बाकी कोरड्या वस्तूंना आहेत तेच डबे. तडे गेले की त्यात खिळे-स्क्रू ठेवा, रोपं लावा.

पिशव्यांचंही तसंच. २०१८ साली डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पिशव्यांचा अभ्यास केला होता, त्यात नुसता हवामानाचा हिशेब धरला तरी सुती पिशवी प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीच्या बरोबरीला यायला निदान ५२ वेळा वापरावी लागते आणि पाणी, ओझोनचा थर वगैरे सगळे निकष धरले तर साध्या कापसाच्या पिशवीचा तो आकडा ७१०० पर्यंत जातो. आता त्या अभ्यासात रस्त्यावर, नदीत, समुद्रात गेलेल्या पिशवीने होणारं नुकसान धरलेलं नाही, त्यामुळे यावरून प्लॅस्टिक चांगलं असं मुळीच म्हणू नये. पण दर कार्यक्रमात फुकट मिळाली म्हणून घेतलेली विसावी कापडी पिशवी हा कचराच आहे. जुन्या चादरीची शिवलेली पिशवी सगळ्यात उत्तम, तिच्यासाठी नवीन कापूस लागलेला नाही.

कम्पोस्टेबल पिशव्या घेताना फार सांभाळून. पीएलए नावाच्या प्लॅस्टिकपासून बनलेल्या बऱ्याच वस्तू कुजायला ६० अंशांच्या आसपासचं तापमान टिकून राहावं लागतं, ते मोठ्या कारखान्यासारख्या प्रकल्पात मिळतं, घरच्या डब्यात नाही. घरच्या खतात त्या तशाच राहतात. ओल्या कचऱ्याच्या डब्यात तळाला वर्तमानपत्र घाला आणि डबा रोज धुवा, पिशवी लागतच नाही.

घरी खत करत असाल तर एकच सांगते, वास आला म्हणजे आत हवा नाही आणि पाणी जास्त झालंय. सुकलेली पानं, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा असं कोरडं घाला आणि खालीवर करा. पिळलेल्या स्पंजइतका ओलावा हवा, बास. वेळ जात नाही याला, रोजचा कचरा टाकताना वर एक मूठ कोरडं टाकायचं एवढीच सवय. आणि हे करायचं कारण नुसतं खत मिळतं एवढं नाहीये, हाच ओला कचरा डेपोत दाबून पुरला गेला की हवेशिवाय कुजतो आणि मिथेन सोडतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

जाता जाता, व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून साफसफाई करायचे व्हिडिओ फिरतात. फेस छान येतो पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास खारट पाणी. वेगवेगळे वापरा, व्हिनेगर क्षारांच्या डागांना, सोडा घासायला. आणि व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो, जिवावर बेतू शकतं.

निरभ्र

वरचे प्रतिसाद चांगले आहेत पण मला एक वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. वीज कोळशापासून बनवायची की उन्हापासून, शहरात बस असावी की नाही, वस्तू दुरुस्त होईल अशी बनवायची की फेकून द्यावी लागेल अशी, हे निर्णय आपल्या स्वयंपाकघरात होत नाहीत. आणि तरी सगळा ताण स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईवर येतो. पानगळ यांनी लिहिलंय की विश्रांतीतून जातंय, ते वाचून वाईट वाटलं. बाटल्या धुण्यात जाणारा वेळ एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सोलर बसवायचा ठराव मांडण्यात गेला तर त्याचा परिणाम कितीतरी मोठा होईल असं माझं प्रामाणिक मत आहे.

सुईदोरा

निरभ्र, ठरावाबद्दल +१. पण घरातलं सगळं किरकोळ असतं हे पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालाचा आकडा आहे, जगभरात त्या वर्षी १०० कोटी टनांहून जास्त अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. हॉटेलं आणि दुकानं दोन्ही मिळून उरलेल्या चाळीसात. म्हणजे इथे तरी निर्णय स्वयंपाकघरातच होतोय, आणि यात काटकसर आणि पर्यावरण पूर्ण एका बाजूला आहेत, शिवाय काम वाढत नाही तर कमी होतं! आमच्याकडे फ्रिजचा एक कप्पा 'आधी हे संपवा' असा ठरलेला आहे, भूक लागली की प्रत्येकाने पहिले तिथे बघायचं, आणि तो कप्पा रिकामा झाल्याशिवाय बाजारात जायचं नाही. कुणालाही आठवण करून द्यावी लागत नाही.

आता पानगळताईंचा तिसरा मुद्दा, माझ्या मते तोच खरा मुद्दा आहे. घरच्यांना 'मदत करा' म्हणून काही होत नाही कारण मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं, लक्षात ठेवायचं तुम्ही, सांगायचं तुम्ही, आणि झालं नाही की चिडायचंही तुम्हीच. त्यापेक्षा आख्खं खातं एकेकाला द्या. कोरडा कचरा एकाचा, म्हणजे डबा, धुणं, भंगारवाल्याला फोन, पैसे घेणं सगळं त्याचं. विजेचं बिल दुसऱ्याचं, दर महिन्याचे युनिट त्याने लिहायचे आणि वाढले तर का वाढले ते त्याने शोधायचं. तुमच्या पद्धतीने होणार नाही, सुरुवातीला कचरा तुंबेल, तुंबू द्या, तुम्ही उचलला की ते खातं परत तुमच्या नावावर.

मी काय सोडलं ते सांगते. घरी साबण आणि डिटर्जंट बनवणं सोडलं, वेळ फार आणि फायदा जेमतेम, त्याऐवजी बाजारचंच घेते आणि पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा कमी वापरते, कपडे तितकेच स्वच्छ निघतात. शिवणं ठेवलंय, कारण मला ते करताना शांत वाटतं. उसवलेली शिवण आणि तुटलेलं बटण त्याच आठवड्यात केलं की तो कपडा वर्षानुवर्षं जातो, ठेवून दिला की तो कपाटाच्या तळाशी जातो आणि नवीन येतो. एका सुती टी-शर्टला कापसापासून धरून साधारण २७०० लिटर पाणी लागतं असं जे सांगितलं जातं ते डोक्यात ठेवलं की सुई हातात घ्यायला जोर येतो. ज्या कामाचा तुम्हाला कंटाळा येतो आणि ज्यात वाचतंही थोडंच, ते बिनधास्त सोडा.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार, खातं देण्याची कल्पना फार आवडली. आज जेवताना बोलले, मुलाने वीजबिलाचं खातं घेतलंय आणि नवऱ्याने कोरडा कचरा, बघू कसं जातंय. निरभ्र, सोसायटीच्या छतावर सोलरचा विषय मी पुढच्या मीटिंगला मांडणार आहे, तुमच्याकडे ठरावाचा मसुदा असेल तर द्या.

तारतंत्री, कागद लावून बघितला, खालच्या एका कोपऱ्यात अगदी सहज सुटून येतोय. ते रबर बदलून मिळतं का की त्यासाठी फ्रिजच बदलायचा? आणि मीटर मिळतोय एका मैत्रिणीकडून, तो किती वेळ लावून ठेवू?

तारतंत्री

रबर बदलून मिळतं, त्याला गॅस्केट म्हणतात, मॉडेल नंबर दाराच्या आत किंवा मागच्या पट्टीवर असतो तो घेऊन जा. त्याआधी कोमट पाणी आणि थोडा साबण लावून खाच नीट पुसा आणि त्या कोपऱ्याला हेअर ड्रायरने हलकी ऊब देऊन हाताने आकार द्या, पुष्कळदा एवढ्याने बसतं.

मीटर निदान २४ तास लावा, दोन-तीन दिवस लावलात तर अजून चांगलं कारण कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत असतो, तासाभराचा आकडा काही कामाचा नाही. दार नेहमीसारखंच उघडा. रोजचा आकडा ३६५ ने गुणा आणि नवीन फ्रिजच्या लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात त्याच्याशी ताडून बघा, आकार सारखाच धरा. फरक थोडा असेल तर गॅस्केट बदलून आहे तोच चालवा. दुप्पट-तिप्पट निघाला तर बदला आणि मग जुना 'असू दे जास्तीचा' म्हणून गॅलरीत चालू ठेवू नका, नाहीतर दोन्हीची वीज जाईल.

जुना देताना साध्या भंगारात देऊ नका, अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. पट्टीवर गॅसचं नाव असतं ते वाचून ठेवा. आर-१२ असेल तर तो ओझोनला मारक, १९८७ च्या माँट्रियल कराराने बंद करत आणलेल्यांपैकी. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही पण कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरतो, त्यामुळे हातोड्याने नळी तोडली की तुम्ही वर्षभर वाचवलेली वीज तिथेच हवेत गेली समजा. नवीन घेतलात तर आर-६००ए बघा, त्याचा हवामानावरचा परिणाम अगदी कमी आहे, मात्र तो पेट घेणारा आहे, म्हणून दुरुस्तीला त्याच गॅसचं काम येणारा माणूसच बोलवा.